गळकी पुस्तकं

ग्रंथालयाच्या दाखलनोंदवहीत शेवटचा रकाना ‘शेरा’ म्हणून असतो. बहुतेक ठिकाणी तो रिकामाच राहतो. फार तर ‘वाळवी लागली’ किंवा ‘पानं गहाळ’, एवढंच. पेणच्या ज्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवायला लागलो, तिथल्या नोंदवहीत मात्र एका कपाटातल्या पुस्तकांपुढे लाल शाईत दोनच शब्द येत: ‘गळते’ आणि ‘धरते’. ‘गळते’ पुष्कळ, ‘धरते’ अगदी थोडी.

मी नवा होतो. त्या कपाटावरचं छप्पर गळत असावं असं मला वाटलं. कोकणातल्या इमारतीबद्दल असं वाटण्यात फारसं चूक नाही. मी ग्रंथपालांना म्हणालो, ‘कपाट जरा सरकवून घ्या ना.’

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘छप्पर ठीक आहे,’ ते म्हणाले. ‘पुस्तकं गळतात.’

त्या कपाटात देशोदेशीच्या मडक्यांवरची पुस्तकं होती. जपान, कोरिया, इराण, मेक्सिको, रशिया, आफ्रिकेतले दोन-तीन देश. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात ती कशी आली, याचं कारण ग्रंथपालांचं सुवाच्य अक्षर. ते दिल्लीतल्या परदेशी वकिलातींना पत्रं लिहीत: आपल्या देशातील मडक्यांविषयी एखादे पुस्तक असल्यास कृपया पाठवावे. बहुतेक वकिलाती धरणांची, ट्रॅक्टरांची आणि आपापल्या पंतप्रधानांची पुस्तकं पाठवत. ती ग्रंथपाल प्राचार्यांच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात लावत. तिथे ती शोभून दिसत आणि कोणी उघडत नसे. पण मधूनच एखाद्या वकिलातीतल्या कारकुनाला त्या पत्राची दया येई आणि खरोखरच मडक्यांचं पुस्तक येई. त्या दिवशी ग्रंथपाल कॅन्टीनमध्ये चहा मागवत. एरवी ते चहा मागवत नसत, कारण चहा आला की तो पिण्याआधी कप उलटा करून बुडाचा शिक्का बघण्याची त्यांना सवय होती. या सवयीपायी त्यांच्या दोन पँटी गेल्या होत्या. लग्नाच्या पंगतीत यजमान त्यांना मुद्दाम स्टीलच्या ताटावर बसवत.

पुस्तक गळतं की धरतं हे ठरवायची त्यांची रीत अशी. पुस्तकात स्वयंपाकाचं मातीचं भांडं करायची जी कृती दिली असेल, ती घेऊन ते रविवारच्या गाडीनं निडीला जात. स्टेशनापासून अर्ध्या तासावर एका वाडीत द्वारकाकाकी कुंभारीण राही. काकी त्या कृतीनं, पुस्तकात असेल तेवढंच करून, भांडं तयार ठेवी. ते वाळलं, भाजून झालं, की पुढच्या एखाद्या रविवारी ग्रंथपाल ते अंगणात एका वर्तमानपत्रावर ठेवत, सकाळी गळ्यापर्यंत पाणी भरत आणि जेवणवेळेला उचलून बघत. कागद ओला झाला तर पुस्तक गळकं. कागद सुका राहिला तर पुस्तकानं पाणी धरलं.

‘पाण्याचा माठ पाझरलाच पाहिजे, नाहीतर पाणी गार कसं होणार?’ असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं. ‘माठाची परीक्षा मी घेत नाही. ही तवलीची परीक्षा आहे.’ तवली म्हणजे आमच्याकडे कालवण करायचं पसरट मातीचं भांडं.

मी शंका काढली. जपानची माती वेगळी, निडीची वेगळी. तिकडची कृती इकडे फसली तर त्यात पुस्तकाचा काय दोष?

‘माती वेगळी असते,’ ग्रंथपाल म्हणाले. ‘पाणी सगळीकडे सारखंच ओलं असतं.’

वर्तमानपत्रसुद्धा ते निवडून घेत. ज्या पानावर कोणीतरी कशाचं तरी उद्घाटन करतानाचा मोठा फोटो असेल, ते पान. एकदा मी कारण विचारलं. ‘गळलं तर निदान योग्य जागी गळेल,’ ते म्हणाले.

हे वेड त्यांना कुठून लागलं, ते त्यांनी सरळ कधी सांगितलं नाही. मला वाटतं, त्याचं मूळ एका जाडजूड सरकारी ग्रंथात असावं. त्यात आपल्या जिल्ह्याच्या शेतीला, मिठागरांना, देवळांना आणि साहेबांच्या बंगल्यांना पानंच्या पानं दिली होती. कुंभारांना दोन ओळी: जिल्ह्यात कुंभार आहेत आणि ते साधी भांडी करतात. ‘साधी’ या शब्दाखाली ग्रंथपालांनी पेन्सिलीनं रेघ मारली होती. ती इतकी दाबून मारली होती की पुढच्या तीन पानांवर उमटली होती.

देशोदेशीच्या कुंभारांना आपापली पुस्तकं आहेत, इथल्या कुंभारकामालाही हवं, आणि ते असं हवं की उद्या इथे एकही कुंभार उरला नाही तरी नुसतं पुस्तक वाचून कोणालाही तवली करता यावी. हे त्यांचं म्हणणं होतं. दुसरं काही म्हणणं असल्याचं मी ऐकलं नाही. मडक्यांची सुंदर छायाचित्रं असलेल्या पुस्तकांचा त्यांना संशय येई. ‘छायाचित्रातलं मडकं कधी गळत नाही,’ ते म्हणत.

ग्रंथपालांचं इंग्रजी शब्दकोशाच्या आधारानं चाले. म्हणून मी रुजू झाल्यावर महिन्याभरात रविवारी पेण स्टेशनवर हजर राहण्याचं काम माझ्याकडे आलं. मी वाक्य मराठीत सांगायचं, ग्रंथपालांनी ते काकीला समजेल असं करायचं, काकीनं त्यावर मत द्यायचं. अशा रीतीनं कोरियातल्या एका गावची भट्टी निडीच्या अंगणात तीन रविवार चालली.

काकीबद्दल सांगायला हवं. कुंभाराच्या घरात बाईनं चाकाला हात लावायचा नाही, ही रीत. माती तुडवायची, अर्धवट वाळलेली मडकी लाकडी थापीनं थापायची, आवा, म्हणजे मडक्यांची भट्टी, रचायचा, मडकी डोक्यावरून बाजारात न्यायची, हे सगळं बाईनं करायचं. चाकावर बसायचं पुरुषानं. नवरा गेला तेव्हा काकी चाकावर बसली.

‘लोकं बोल बोल बोलली,’ ती सांगे. तिच्या बोलीत ‘ळ’ नव्हता, ‘ल’च होता. ‘मी म्हनलं, चाकाला कुठं कलतंय वर कोन बसलाय तो!’

मुलगा रोह्याला कंपनीत होता. त्याच्या शिफ्टा बदलत, पण आईला सांगायचं वाक्य बदलत नसे: ‘आये, बस झाला आता. गुडघं बघ तुजं.’ गुडघे खरंच सुजलेले असत. वाकून चाक फिरवायचं, वाकूनच मडकं उतरवायचं. काकीचं उत्तरही ठरलेलं होतं. माझ्यासमोर तिनं ते कितीदा दिलं असेल.

‘मास्तरांचं पुस्तक व्हऊं दे. त्याच्याबगर मी चाक उचलत नाय. मी उचललं आन् पुस्तकात कायतरी ऱ्हायलं, तर इचारशील कुनाला? कंपनीला?’

चाक उचलायचं म्हणजे ते खुंट्यावरून काढून काम कायमचं बंद करायचं. कॉलेजच्या ग्रंथपालाला ती मास्तर म्हणे. मला इंग्लिशवाले.

तिच्याकडून कृती लिहून घेणं हा एक वेगळाच प्रकार होता. राख किती? ‘बसंल तेवडी.’ वाळू किती? ‘मूठभर.’ ग्रंथपालांनी काकीच्या मुठीनं वाळू घेववून दहा वेळा तराजूत घातली आणि सरासरी काढली. काकी म्हणाली, ‘तोलून झाली? आता ती माजी मूठ मला परत द्या.’ मडकं थापायला कधी घ्यायचं? ‘माती सांगते.’ हे वाक्य ग्रंथपालांनी वहीत घेतलं नाही. देशोदेशीच्या पुस्तकांत हे वाक्य त्यांना भेटलं होतं आणि ज्यात ज्यात भेटलं, ती सगळी गळली होती. त्यांनी काकीचा पिच्छा सोडला नाही. माती सांगते म्हणजे कुठे सांगते? हाताला? नाकाला? शेवटी काकी वैतागून मडकं उचलून गालाला लावून म्हणाली, ‘ही बगा. हितं सांगते.’

ग्रंथपालांनी स्वतःच्या गालाला मडकं लावलं. मग दुसरं. मग उन्हातलं. परतीच्या गाडीत त्यांच्या डाव्या गालावर वाळलेल्या चिखलाचा चांगला पोळीएवढा ठसा होता आणि समोरच्या बाकावरची माणसं ते पाहून जागा बदलत होती. ते मात्र वहीत लिहीत होते. ते वाक्य मला पाठ आहे: ‘भांडे गालास लावावे. गार लागल्यास थांबावे. गार लागेनासे झाले, पण ऊबही लागत नसेल, तेव्हा थापी घ्यावी.’ मराठी गद्य मी बरंच वाचलं आहे. इतकं कामाला येणारं थोडंच असेल.

परीक्षेच्या रविवारी काकी शेजारी बसून असे. पाणी भरताना ती बहुतेक वेळा एकच शब्द बोले.

‘गलनारच.’

आणि ती म्हणाली की गळेच. ग्रंथपालांना याचं फार कौतुक. ‘नुसतं बघून कळतं हो हिला!’ ते गाडीत मला सांगत. ‘लेखक किती पाण्यात आहे ते!’ एका रशियन पुस्तकानं भाजून झाल्यावर भांडं दुधात बुडवायला सांगितलं होतं. ते धरलं. आफ्रिकेतल्या एका पुस्तकात आव्यातून भांडं लालभडक असतानाच काढून त्यावर झाडाच्या सालीचा काढा शिंपडायचा होता. काकीनं बाभळीची साल वापरली. तेही धरलं. जपानच्या एका पुस्तकात लिहिलं होतं की नव्या भांड्यात प्रथम तांदळाची पेज मंद आचेवर शिजवावी. मी ते वाचून दाखवलं तेव्हा काकी मान डोलावून म्हणाली, ‘मग काय! ही लिवनारी बाई शानी हाय.’

लिहिणारा पुरुष होता, दाढीवाला, मलपृष्ठावर फोटो होता. मी ते काकीला सांगितलं. ‘आसंल,’ ती म्हणाली. ‘त्याच्या आयशीनं सांगितलं आसंल.’

तेही पुस्तक धरलं. ग्रंथपालांनी नोंदवहीत लाल शाईनं ‘धरते’ लिहिलं आणि आपल्या वहीत एक टीप केली: ‘पेज शिजवणे ही जपानी प्रथा.’

ही टीप लक्षात ठेवायला हवी.

काही वर्षांनी ग्रंथपालांचं पुस्तक लिहून झालं. आठ प्रकरणं. शेतातली माती कधी खणावी इथून सुरुवात आणि आव्यातून भांडं बाहेर काढून गार होऊ द्यावं, इथे शेवट. त्याच वर्षी कॉलेजचा वर्धापन समारंभ मोठ्या प्रमाणावर करायचं घाटत होतं. संस्थेच्या अध्यक्षांना कोणीतरी सुचवलं की या निमित्तानं एक पुस्तक प्रकाशित करावं. अध्यक्षांना कल्पना आवडली. प्रस्तावना त्यांनी दोन दिवसांत पाठवली. चार पानांची होती. तिच्यात संस्कृतीचा घट एकदा आला होता आणि अध्यक्षांचे वडील सात वेळा. ग्रंथपालांनी ती शांतपणे वाचली, खाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात ‘गळते’ लिहिलं आणि फाइलला लावली.

मुखपृष्ठ छापून आलं. काकीला निरोप गेला. काकीनं मुलाला कळवलं की समारंभ झाला की चाक उचलायचं, सुट्टी घेऊन ये. आतला मजकूर मात्र ग्रंथपाल छापखान्यात देईनात. आधी परीक्षा.

ही परीक्षा काकीकडे होणार नव्हती, हे उघड होतं. पुस्तकात नसलेलंही काकीच्या हातात होतं. कृती अशा कोणाच्या हाती द्यायची होती, ज्याला माती कळते पण मडकं करता येत नाही. पेणमध्ये अशी माणसं दर गल्लीत आहेत. मूर्तिकार. त्यांच्या हाताला माती माहीत, पण त्यांची माती भट्टीत कधी जात नाही, ती पाण्यातच जायची असते. माझ्या घराशेजारी कारखाना असलेल्या एका मूर्तिकाराला ग्रंथपालांनी गाठलं. गणपतींचा हंगाम संपला होता, त्याला वेळ होता. त्याला हस्तलिखित दिलं आणि सक्त ताकीद दिली: ‘यात जे आहे ते सगळं करायचं. यात नाही ते काहीही करायचं नाही. कोणाला विचारायचं नाही.’

चाकावर हात बसायला मूर्तिकाराला दीड महिना गेला. बिघडलेली भांडी त्यानं मागच्या भिंतीशी रांगेनं मांडून ठेवली होती. ‘सगळ्यांना सोंड लावली तर खपतील,’ तो म्हणे. पण एक दिवस जमलं. त्यानं भांडं गालाला लावलं, थांबला, थापी घेतली, सावलीत वाळवलं, परसात पेंढा-गोवऱ्यांचा छोटा आवा लावला. आणि एका सकाळी, समारंभाला आठ दिवस असताना, आम्ही तिघं त्याच्या पडवीत एका वर्तमानपत्राभोवती बसलो. वर तवली होती. देखणी झाली होती. तिच्या काठावर नखानं टिचकी मारली की खणखणीत आवाज येत होता. गळ्यापर्यंत पाणी होतं. 

तासाभरात मंत्रिमहोदयांच्या फोटोची एक कड काळपट झाली. मग फीत कापणारी कात्री भिजली. मग मंत्री भिजले.

ग्रंथपालांनी तवली उचलली, बुडाला तळहात लावला आणि हाताकडे बघत राहिले. मूर्तिकार हवालदिल झाला. ‘माझंच काहीतरी चुकलं, सर,’ तो म्हणायला लागला. ग्रंथपालांनी मान हलवली. इतक्या लेखकांना त्यांनी ही सबब दिली नव्हती. स्वतःला कशी देणार?

एवढ्यात मूर्तिकाराची बायको चहा घेऊन आली. तिनं तवली पाहिली, ओला कागद पाहिला, आमचे तिघांचे चेहरे पाहिले.

‘ह्ये काय? नव्या तवलीत पाणी वतलंत?’

‘हो,’ मी म्हणालो.

‘आन् पेज?’

मूर्तिकारानं हस्तलिखिताची पानं चाळली.

‘आधी पेज नाय शिजवलीत तिच्यात? आवो, नवी तवली गळनारच! पेज आटवायची, रातभर तशीच ठेवायची, मग धुवायची. माझ्या आयशीनं शिकवलं, तिच्या आयशीनं तिला. ह्ये काय पुस्तकात लिवायचं आसतं?’ मग तिला हसू आवरेना. ग्रंथपाल एकटे राहत, खानावळीत जेवत, हे पेणात सगळ्यांना ठाऊक होतं. ‘मास्तर, लगीन केलं आसतंत तर पुस्तक कधीच झालं आसतं!’

ग्रंथपालांचे कान लाल झाले. पण त्यांनी खिशातून वही काढली आणि विचारलं, ‘पेज किती दाट?’

मी त्यांच्याबरोबर त्याच दुपारी निडीला गेलो. काकी अंगणात माती तुडवत होती. ग्रंथपालांनी चप्पलसुद्धा काढली नाही.

‘काकी, नव्या तवलीत पेज शिजवतात?’

‘मग काय, दगड शिजवतात?’

‘मला कधी बोलली नाहीस.’

‘तुमी कवा इचारलंत? माती इचारलीत, राख इचारलीत, आवा इचारलात. मी मडकं भाजून देते. पेज घालते ती ज्याच्या घरात मडकं जातं, ती. तुमी चुलीपासचं कुठं काय इचारलंत?’ ती मातीतून बाहेर आली. ‘आन् मी दर टायमाला सांगत व्हते की! गलनारच म्हनून. तुमीच म्हनत व्हता, पुस्तकात नाय ते करायचं नाय.’

ग्रंथपाल ओट्यावर बसले. मी त्यांच्या डोक्यातलं वाचू शकत होतो, कारण माझ्याही डोक्यात तेच चाललं होतं. दूध, सालीचा काढा, पेज. जी पुस्तकं धरली होती त्यांचे लेखक भट्टीपाशी थांबले नव्हते, ते भांड्यामागून घरात, चुलीपर्यंत गेले होते. जी गळली होती ती सगळी भट्टी विझली की संपली होती. त्यांची परीक्षा खरी होती. फक्त ती कशाची परीक्षा होती हे परीक्षकाला इतकी वर्षं कळलं नव्हतं. आणि त्याचं स्वतःचं पुस्तक आठव्या प्रकरणात भट्टी गार करून संपलं होतं.

‘आठ दिवसांत लिवून व्हईल?’ काकीनं विचारलं. तिचा एक हात गुडघ्यावर होता.

एक ओळ घालून काम भागलं असतं. मी तसं सुचवलंही. ग्रंथपाल म्हणाले, ‘एका घरची पेज कळली. बाकीच्या घरांचं काय?’ मग काकीकडे न बघता म्हणाले, ‘अजून एक वर्ष लागेल, काकी. तू थांबलीस तरी चालेल.’

काकीनं पुन्हा मातीत पाय घातला. ‘गप बसा,’ ती म्हणाली.

छापखान्यात मजकूर जाणार नाही, हे ऐकून प्राचार्य हादरले. अध्यक्षांनी ग्रंथपालांना बोलावून विचारलं, ‘थेंबभर पाण्यासाठी समारंभ थांबवायचा?’

‘समारंभ थांबवू नका,’ ग्रंथपाल म्हणाले. ‘पुस्तक थांबवा.’

आणि तसंच झालं. मुखपृष्ठं तयार होतीच. प्राचार्यांनी ती पंचवीस कोऱ्या वह्यांवर चढवून घेतली आणि वर चकचकीत कागद, रिबीन. मांडवात अध्यक्षांनी रिबीन सोडली, पुस्तक छातीशी धरलं, फोटोग्राफरला पुरेसा वेळ दिला. हे पुस्तक हाती घेतलं आणि खाली ठेवावंसं वाटलं नाही, एका बैठकीत वाचून काढलं, असं ते म्हणाले. मग एक प्रत द्वारकाकाकीला, शाल आणि नारळासह. काकीला वाचता येत नव्हतं. म्हणूनच असेल, हाती आलेलं पुस्तक उघडून बघणारी त्या व्यासपीठावर ती एकटीच निघाली. तिनं पान उलटलं, आणखी एक उलटलं, मग मागून उलटलं. माइक समोरच होता.

‘मास्तर,’ काकी म्हणाली, ‘ह्याच्यात तर कायच नाय.’

शेवटच्या रांगेतून ग्रंथपाल उभे राहिले. ‘अजून नाही, काकी,’ ते म्हणाले. त्यांच्या आवाजात शरम नव्हती. मी त्यांना ओळखत होतो त्या सगळ्या वर्षांत मला त्यांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. अध्यक्ष टाळ्या वाजवत होते. बहुधा त्यांनी ऐकलं नव्हतं.

पुढचं वर्षभर ग्रंथपाल स्वयंपाकघरांतून फिरले. जित्यापासून निडीपर्यंत ते जवळपास प्रत्येक स्टेशनला उतरले. खाडीकाठच्या मिठागरवाल्यांकडे पेज, तीही मीठ न घालता. वडखळच्या बाजूला एका घरी पेजेनंतर आतून खोबरेल तेलाचा हात. आतल्या गावांत, जिथे वाल होतात, तिथे वालाची सालं उकळलेलं पाणी. मी काही ठिकाणी बरोबर होतो. दारात एक उंच, सडपातळ पुरुष उभा राहून विचारतो आहे, ‘ताई, नव्या तवलीनं पाणी धरावं म्हणून तुम्ही काय करता?’ हे दृश्य बायकांना फारच आवडे. एकीनं आतल्या जावेला हाक मारली, ‘ये गो, भायेर ये! हे कॉलेजात शिकले, आता आपल्याकडं शिकायला आले!’ ते हसत नसत, रागावत नसत. वही काढून विचारत, ‘आच किती?’

नववं प्रकरण पहिल्या आठांपेक्षा लांब झालं. मूर्तिकारानं पुढचा हंगाम संपल्यावर ते वाचून पुन्हा एक तवली केली, आणि या खेपेला ती काकीच्या अंगणात आणून ठेवली. ग्रंथपालांनी खालचं वर्तमानपत्र वर्षभर जपून ठेवलेलं होतं. त्यावर अध्यक्ष कोऱ्या वहीचं प्रकाशन करत होते.

सकाळी पाणी भरलं. काकी बाजूला बसून राहिली, पण या वेळी ‘गलनारच’ म्हणाली नाही. ग्रंथपालांनी कॉलेजची दाखलनोंदवही पिशवीतून काढली. ती इमारतीबाहेर नेणं नियमात बसत नव्हतं, आणि नियम त्यांनीच केलेला होता. हस्तलिखिताची नोंद त्यांनी आधीच करून ठेवली होती. लेखकाच्या रकान्यात काकीचं नाव होतं. त्याखाली कंसात स्वतःचं, ‘लिहून घेणारा’ म्हणून. शेऱ्याचा रकाना रिकामा होता.

जेवणवेळेला काकीनं स्वतः तवली दोन्ही हातांनी उचलली. अध्यक्षांचं हसू जसंच्या तसं होतं. काकीनं कागदावरून तळवा फिरवला.

‘सुका हाय.’

ग्रंथपालांनी लाल शाईनं ‘धरते’ लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा जरा वाकडं आलं.

‘लिवलात? मग उचला आता चाक,’ काकी म्हणाली. ‘माज्या गुडघ्यांनी लई वाट बगितली.’

चाक जड असतं. आम्ही तिघं लागलो. मूर्तिकारानं एक बाजू धरली, मी दुसरी, ग्रंथपाल मधे. ते हलेना. पुन्हा जोर लावला तर माझ्या पायावर यायचं राहिलं. काकी ओट्यावर बसून बघत होती.

‘आवो, आसं नाय! आधी तिरकं करायचं, मग खुट्यावरनं सुटतं. माज्या सासऱ्यानं शिकवलं. ह्ये नाय लिवलात पुस्तकात?’

ग्रंथपालांनी चाक सोडलं, पँटीला हात पुसले आणि खिशातून पेन काढलं.

‘तिरकं म्हणजे किती?’ त्यांनी विचारलं.